अमेरिकेत पब्लिक लँडवर हरणाची पहिली शिकार: आधी जागा, मग टॅग, बंदूक सगळ्यात शेवटी

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने इथली व्हाइटटेल हरणं काही लाखांवर आली होती, आज ती साधारण तीन कोटी आहेत, लांडगे आणि प्युमा बहुतेक पूर्वेकडच्या राज्यांतून कधीच संपलेत, आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम बऱ्याच अंशी शिकारी करतात. म्हणजे राज्य सरकार ठरवतं किती हरणं कमी व्हायला हवीत आणि त्या हिशोबाने परवाने देतं, आपण त्यातला एक परवाना घेऊन जंगलात जायचं.

गेल्या काही वर्षांत इथे राहणाऱ्या बऱ्याच मराठी लोकांनी मला याबद्दल विचारलंय आणि दहातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न असतो की रायफल कुठली घेऊ. बंदूक हा शेवटचा प्रश्न आहे हो. ज्याच्याकडे साधी जुनी रायफल आहे पण कुठे बसायचं ते माहितीये त्याला हरीण मिळतं, आणि महागातली रायफल घेऊन पार्किंगपासून दोनशे पावलांवर बसलेल्या माणसाला फक्त बाकीच्या शिकाऱ्यांच्या केशरी टोप्या दिसतात. म्हणून मी पण त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की हरीण एकाचं आणि जमीन दुसऱ्याची. इथे जंगली प्राणी कुणाच्याच खाजगी मालकीचे नसतात, राज्य लोकांच्या वतीने ते सांभाळतं, म्हणून लायसन्स नेहमी राज्याचं लागतं, तुम्ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनीवर उभे असलात तरी. पण जमिनीवर पाय ठेवायची परवानगी हा पूर्ण वेगळा मामला आहे. खिशात टॅग, म्हणजे एका हरणाचा परवाना, आहे म्हणून कुणाच्याही रानात शिरता येत नाही आणि जमीन पब्लिक, म्हणजे सरकारी, आहे म्हणून टॅगशिवाय हरीण मारता येत नाही. दोन्ही परवानग्या हव्यात. नवीन माणसाच्या निम्म्या चुका हे दोन एकत्र समजल्यामुळे होतात.

कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांनी नीट वाचा

पहिला कागद हंटर एज्युकेशनचा. न्यूयॉर्कने १९४९ मध्ये हे सक्तीचं केलं आणि आज जवळपास सगळीकडे लागतं, फक्त कुठल्या सालानंतर जन्मलेल्यांना ते राज्यागणिक बदलतं, टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर. बराचसा कोर्स ऑनलाइन होतो, काही राज्यांत एक दिवस मैदानावर जावं लागतं, आणि माझं म्हणणं आहे की सक्तीचा नसला तरी तो मैदानावरचा दिवस कराच. हातात बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, मागे काय आहे ते बघितल्याशिवाय गोळी का सोडायची नाही, हे व्हिडिओ बघून अंगात येत नाही. एका राज्याचं सर्टिफिकेट बाकीच्या राज्यांत चालतं. बऱ्याच राज्यांत अप्रेंटिस लायसन्स पण मिळतं म्हणजे अनुभवी माणसासोबत कोर्स न करता एखादा सीझन जाऊन बघता येतं.

आता व्हिसा. ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला अडचण नाही. पण एच-१बी, एफ-१ असल्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही बंदी आहे, आणि मित्राची रायफल थोडा वेळ हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यात एक म्हणजे तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं. म्हणून क्रम असा ठेवा की आधी लायसन्स, ते कायम खिशात, त्याची तारीख संपायच्या आधी नवीन, आणि त्यानंतरच नेमबाजीच्या रेंजवर किंवा जंगलात. लायसन्स संपलं आणि रायफल कपाटात राहिली तर इमिग्रेशनचं सगळं धोक्यात येतं. याच्यावर राज्याचे वेगळे नियम असतात, तेव्हा वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा, इथे काटकसर नको. ज्यांना ही काळजीच नको त्यांनी धनुष्य घ्यावं, फेडरल कायद्याच्या व्याख्येत ते फायरआर्म नाही, बो सीझन सगळ्यात लांब असतो आणि जंगलात गर्दीही कमी असते. अजून एक गैरसमज, रेसिडंट लायसन्ससाठी नागरिकत्व बघत नाहीत, त्या राज्यात किती महिने राहताय ते बघतात.

टॅग, आणि मादीचा प्रश्न

लायसन्स म्हणजे शिकार करायची परवानगी आणि टॅग म्हणजे एक ठराविक हरीण, ठराविक भागात, ठराविक तारखांत. पूर्वेकडे आणि मिडवेस्टात टॅग बहुतेक सरळ विकत मिळतात. पश्चिमेकडे म्यूल डिअर या तिथल्या हरणाच्या जातीसाठी लॉटरी असते, तिला ड्रॉ म्हणतात, कोलोरॅडोत तर हरणाचे जवळपास सगळे टॅग ड्रॉनेच जातात आणि अर्जाची मुदत वसंतातच संपते, सीझन ऑक्टोबरात असला तरी. नाही लागला तर पॉइंट मिळतो, तो पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास शिकारीचा विचार मनात आला तर त्या वर्षीपुरतं पश्चिम विसरा.

पहिला टॅग मादीचा घ्या, इथे त्याला अँटलरलेस किंवा साधा डो टॅग म्हणतात. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण आपल्याकडच्या माणसाला मादी मारायची म्हटलं की पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण संख्येचं गणित मादीवरच चालतं. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, दहातले सात नर मारले तरी पुढच्या जूनला पाडसं तितकीच जन्मतात. चांगला चारा मिळाला की मोठी मादी बहुतेक जुळी देते आणि काही माद्या तर पहिल्याच वर्षी माजावर येतात. म्हणून नुसते शिंगवाले नर मारून कळप कमी होत नाही, फक्त कळपात म्हातारे नर उरत नाहीत. जीवशास्त्रज्ञ दर युनिटला, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागाला, किती डो टॅग द्यायचे ते याच हिशोबाने ठरवतात आणि ते टॅग जर लोकांनी वापरलेच नाहीत तर सगळं नियोजन कागदावर राहतं.

आणि कळप वाढला तर काय होतं ते डोळ्याने बघण्यासारखं आहे. जंगलात उभं राहून बघा, जमिनीपासून हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत, म्हणजे चारपाच फुटांपर्यंत पान नाही आणि त्याच्यावर एकदम हिरवं, कुणीतरी कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ. त्याला ब्राउझ लाइन म्हणतात. ओकची रोपं वर येतच नाहीत, खाली नुसतं हरणं ज्याला तोंड लावत नाहीत ते फर्न उरतं, झुडपात घरटी करणारे पक्षी जातात. ॲरिझोनातल्या कैबाब पठाराचं उदाहरण इथे वनखात्यात शिकवतात, १९०६ मध्ये तिथे हरणांसाठी राखीव जागा केली, शिकार बंद, प्युमा-कोयोटी-लांडगे मारून टाकले, आणि १९२० च्या दशकात हरणं उपाशी मेली. आकडा नेमका किती फुगला होता यावर अजून वाद आहेत, पण उपासमार झाली यावर वाद नाही. उपाशी हरीण मरायला कित्येक आठवडे घेतं. नीट मारलेल्या बाणाने ते अर्ध्या मिनिटात संपतं. मला दोन्हीत काय बरं वाटतं ते सांगायची गरज नाही.

पाडसांचं काय होणार, हा प्रश्न बायको आणि मुलं हमखास विचारतात. मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसं सीझन सुरू होईपर्यंत दुधावर अवलंबून नसतात, स्वतः चरून जगतात, सीझनच्या तारखा ठरवताना हे बघितलेलं असतं.

एक काळजी मात्र घ्या, शिंगं नसलेलं प्रत्येक हरीण मादी नसतं. त्या वर्षीचं नर पाडस, ज्याला बटन बक म्हणतात, लांबून मादीसारखंच दिसतं. एकटंच आणि बेधडक बाहेर आलेलं छोटं हरीण दिसलं तर थांबा, बऱ्याचदा तो तोच असतो. मोठ्या मादीचं तोंड लांबट असतं, मान लांब, दोन कानांमधलं डोकं गोलसर. पाडसाचं तोंड आखूड, आणि नराचं डोकं कानांमध्ये सपाट दिसतं. दोनतीन हरणं सोबत आली की तुलना करता येते, तेव्हा सगळ्यात मोठी निवडा.

जागा

आता मुख्य विषय, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पब्लिक लँड हा एकच प्रकार नाही. नॅशनल फॉरेस्ट साधारण १९ कोटी एकर आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याची जमीन साडेचोवीस कोटी एकर, ती बहुतेक पश्चिमेला आणि अलास्कात. या दोन्हीवर शिकार साधारणपणे चालते. नॅशनल पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी नाही, नाव सारखं वाटतं म्हणून गोंधळ होतो, पार्क वेगळं आणि फॉरेस्ट वेगळं. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज काही खुली काही बंद, आणि तिथे वेगळा परमिट लागू शकतो. मग राज्याच्या जमिनी, त्यांची नावं राज्यागणिक बदलतात, पेन्सिल्व्हेनियात स्टेट गेम लँड्स, त्या पंधरा लाख एकरांच्या आसपास आहेत आणि बऱ्याचशा शिकाऱ्यांच्या लायसन्सच्या पैशातून घेतलेल्या. टेक्सासात जमीन जवळजवळ सगळी खाजगी, पण तिथे ४८ डॉलरचा वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट घेतला की दहा लाख एकरांच्या आसपास जमीन उघडते, हे तिथल्या कित्येक देशी लोकांना माहितीच नसतं. कोलोरॅडोत स्टेट ट्रस्ट लँड नकाशावर पब्लिकसारखी रंगवलेली दिसते पण जी योजनेत घेतलीये तेवढीच खुली असते. आणि वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेस म्हणून घोषित भागात गाइडशिवाय किंवा तिथल्या रहिवाशाच्या सोबतीशिवाय मोठ्या प्राण्याची शिकार करता येत नाही, बाकी नॅशनल फॉरेस्टात येते.

मग खाजगी पण खुल्या जमिनी. कॅन्ससमध्ये वॉक-इन हंटिंग ॲक्सेस, मोंटानात ब्लॉक मॅनेजमेंट, नॉर्थ डकोटात प्लॉट्स, यात राज्य शेतकऱ्याला पैसे देतं आणि तो पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना जमीन उघडी ठेवतो. या जमिनींचे नकाशे दर वर्षी नवीन निघतात, गेल्या वर्षीचा वापरू नका, शेतकरी योजनेतून बाहेर पडलेला असू शकतो.

नकाशासाठी बहुतेक लोक ऑनएक्स हे ॲप वापरतात, त्यात जमिनीचा मालक आणि हद्द दिसते, पैसे वसूल होतात. पण फोनवरची हद्दीची रेघ काही यार्ड इकडेतिकडे असू शकते म्हणून हद्दीला चिकटून बसू नका, जखमी हरीण पलीकडे पळालं तर तुमची पंचाईत होईल. नकाशा घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा कारण जंगलात रेंज नसते. नॅशनल फॉरेस्टसाठी अजून एक फुकट नकाशा असतो, मोटर व्हेइकल यूज मॅप, कुठल्या रस्त्यावर गाडी कधी नेता येते ते त्यात असतं, तो नसेल तर गेटपाशी पोचल्यावर कळतं की रस्ता महिन्यापूर्वीच बंद झालाय. आणि तिथे घरापासून, कॅम्पसाइटपासून दीडशे यार्डांच्या आत किंवा रस्त्यावरून गोळी झाडता येत नाही हे पाठ करून ठेवा.

जमिनीवर पोचल्यावर झाडांवर लक्ष ठेवा. टेक्सास, मिसूरी आणि अजून बऱ्याच राज्यांत झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा म्हणजे आत यायचं नाही, पाटी नसली तरी त्याची किंमत पाटीएवढीच. याच्या अगदी उलट व्हरमाँट, तिथल्या १७७७ च्या राज्यघटनेपासून कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीचा हक्क लिहिलेला आहे, पाट्या लावलेल्या नसतील तर खाजगी रानातही जाता येतं. मेनमध्येही तीच परंपरा आहे, तरी तिथे लोक आधी विचारतात आणि विचारावंच.

पश्चिमेकडे एक विचित्र अडचण आहे. १८६० च्या दशकापासून रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक चौकोन सोडून एक अशी दिली गेली, प्रत्येक चौकोन एक मैल बाय एक मैल, आणि आजही नकाशावर तो बुद्धिबळाचा पट दिसतो, एक घर पब्लिक एक खाजगी. पब्लिक चौकोन फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात. कोपऱ्यावरून एका पब्लिक चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकलं तर शेजारच्या खाजगी जमिनीच्या हवेतून खांदा जातो, आणि तेवढ्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०२१ मध्ये मिसूरीचे चार शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनपाशी असेच गेले, जमीनमालकाने दावा लावला, आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे सहा राज्यांसाठीच्या, फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आधार होता १८८५ चा पब्लिक जमीन कुंपणाने अडवायला मनाई करणारा कायदा. मला या निकालाचा फार आनंद झाला कारण २०१८ च्या एका पाहणीत पश्चिमेकडच्या राज्यांत ९५ लाख एकर फेडरल जमीन अशी निघाली होती की जिला कायदेशीर वाटच नाही. पण लक्षात घ्या, तो निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा एवढ्यांनाच लागू आहे. मोंटाना त्यात येत नाही, तिथे असं करू नका. आणि जिथे चालतं तिथेही कोपऱ्याची खूण, म्हणजे जमिनीत पुरलेला सर्व्हेचा पितळी बिल्ला, प्रत्यक्ष सापडला तरच पाऊल टाका, फोनवर भरवसा ठेवून नाही.

खाजगी जमिनीवर परवानगी मागायची असेल तर उन्हाळ्यात जा, सीझनच्या आदल्या दिवशी नाही. साधे कपडे, बंदूक गाडीतही नको, एकटे किंवा मुलाला घेऊन, चारचौघं मित्र नकोत. कागदावर नाव, फोन, गाडीचा नंबर लिहून द्या. आणि सरळ सांगा की मला फक्त माद्या मारायच्यात. सोयाबीन-मका खाऊन हरणांनी शेतकऱ्याला बेजार केलेलं असतं, त्याला शिंगवाला नर शेजाऱ्यासाठी राखायचा असतो, माद्या गेल्या तर हव्याच असतात. मला मिळालेल्या तिन्ही परवानग्या या एका वाक्यावर मिळाल्या. फुकट येऊ देणाऱ्या मालकाची जबाबदारी कमी करणारे कायदे पन्नासही राज्यांत आहेत, कुणी अपघाताची भीती बोलून दाखवली तर हे सांगता येतं. नाही म्हणाले तर आभार मानून निघा. हो म्हणाले तर हिवाळ्यात मांसाचं एक पाकीट आणि एक दिवस कुंपण दुरुस्तीला, न विसरता.

कुठे बसायचं

पब्लिक लँडवरचे बहुतेक शिकारी पार्किंगपासून अर्ध्या मैलाच्या आत बसतात, हरणांना हे पहिल्या शनिवारीच कळतं. त्यामुळे एकतर लांब चाला, नाहीतर असा तुकडा शोधा की जो सगळे ओलांडून पुढे जातात, पार्किंगच्या मागची काटेरी झाडी, ओढ्यापलीकडचा दहा एकरांचा कोपरा. जमलं तर मधल्या वारी जा.

बघायला जायची सगळ्यात चांगली वेळ सीझन संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं गळलेली असतात आणि वाटा उघड्या दिसतात. खुरांचे ठसे, लेंड्या, नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं, आणि दाट झाडीत गवत दबून झालेल्या लांबट बैठका, हे सगळं नकाशावर टिपा. मग सप्टेंबरात परत जाऊन ओक बघा. व्हाइट ओकचं पान गोल कडांचं, रेड ओकचं टोकदार. व्हाइट ओकच्या फळात कडूपणा कमी असतो, हरणं ती आधी खातात, ज्या झाडाखाली ताजी टरफलं आणि ताज्या लेंड्या एकत्र दिसतील तिथे बसायची जागा पक्की.

आणि वारा. वारा तुमच्याकडून हरणाच्या येण्याच्या वाटेकडे जात असेल तर त्या जागी बसूच नका, दुसरी जागा ठेवा. पहिल्या वर्षी मी सहा सकाळी एकाच झाडावर बसलो, कारण जागा सुंदर होती, आणि सहाही वेळा हरणांनी पायाने जमीन आपटत फुसकारून पळ काढला, वारा थेट त्यांच्या झोपण्याच्या झाडीत जात होता. डोंगराळ भागात सकाळी ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली घळीत उतरते, अंदाजात वारा काहीही लिहिलेला असो. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, अधूनमधून एक फुंकर मारा, कुठे जाते ते बघा.

झाडावर बसणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत दोरीला अडकलेला. गोळीपेक्षा झाडावरून पडून शिकारी जास्त जायबंदी होतात. रायफल रिकामी करून दोरीने वर ओढून घ्यायची. काही राज्यांत पब्लिक लँडवर स्टँड, म्हणजे झाडावर बसायची बैठक, रात्रभर ठेवता येत नाही, खिळे ठोकायला तर बहुतेक ठिकाणी मनाई. आमिष टाकायचं का याचे नियम वेगळे बघा. रायफल सीझनमध्ये केशरी घालाच, पेन्सिल्व्हेनियात डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच, कोलोरॅडोत ५०० आणि डोक्यावर वेगळं, तिथे गुलाबीही चालतो. टिकसाठी, म्हणजे गोचिडांसाठी, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक, आदल्या दिवशी मारून वाळवून.

गोळी आणि त्यानंतर

हत्याराबद्दल थोडंच बोलतो. जे नेमाने चालवता येतं ते घ्या. मी काहीही सांगितलं तरी जाहिराती तुम्हाला मोठी कॅलिबर विकतील. गोळी मात्र तांब्याची घ्या, शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, घरात लहान मुलं असतील तर हा विचार कराच. धनुष्य असेल तर वीस यार्डांवर दहापैकी दहा बाण वाटीएवढ्या जागेत लागेपर्यंत सीझनला जाऊ नका.

हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे वळलेलं. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोर तोंड करून उभं असेल, पळत असेल, झाडीतून अर्धं दिसत असेल तर सोडून द्या. बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच कायदेशीर वेळ, पण शेवटची दहा मिनिटं मी स्वतः सोडून देतो कारण अंधारात माग काढावा लागतो.

मारल्यावर लगेच खाली उतरू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा, घड्याळ बघा. मग बाण किंवा जमिनीवरचं रक्त बघा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुसं, अर्ध्या तासाने निघा, शंभरेक यार्डांत मिळेल. गडद लालकाळं म्हणजे यकृत, चारेक तास. हिरवट, घाण वास म्हणजे पोटात लागलंय, मग आठ ते बारा तास थांबा, हे फार जिवावर येतं पण मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल आणि कुणालाच मिळणार नाही. बऱ्याच राज्यांत दोरीला बांधलेलं माग काढणारं कुत्रं आणता येतं, अशा लोकांचे नंबर सीझनआधीच घेऊन ठेवा. खाजगी हद्दीत गेलं असेल तर थांबा, मालकाला फोन करा, तो नाही म्हणाला तर वॉर्डनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला.

सापडलं की जागेवरून हलवायच्या आधी टॅग भरा, तारीख कापा किंवा ॲपवर नोंदवा, राज्याचा नियम असेल तसं. मग लगेच पोट साफ करायचं. पोटाची कातडी दोन बोटं आत घालून वर उचलून कापा म्हणजे आतडी फुटत नाहीत, मूत्राशय सांभाळून काढा, छातीचा पडदा कापून श्वासनलिका वरून तोडली की सगळं एका ओढीत बाहेर येतं. हातमोजे घाला. मांस चाळीस फॅरनहाइटच्या खाली जितक्या लवकर जाईल तितकं चांगलं, दिवस गरम असेल तर बर्फाच्या पिशव्या आत घाला. लांबवर असाल तर चार पाय, पाठीचं मांस, मान असं सुटं करून पाठीवर आणता येतं, हरणाचं अख्खं धूड दोन मैल ओढत आणायचा हट्ट नको. खाण्याजोगं मांस टाकून येणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. विकणंही गुन्हा, शेजाऱ्याला वाटणं चालतं, आणि जास्त झालं तर गरजूंसाठी दान घेणाऱ्या योजना बऱ्याच राज्यांत आहेत.

शेवटची गोष्ट सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, होणारा आजार. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, आता तीसहून जास्त राज्यांत आहे. माणसाला झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही, पण ज्या हरणाची टेस्ट पॉझिटिव्ह येते त्याचं मांस खाऊ नका असं सीडीसी ही इथली सरकारी आरोग्य संस्था सांगते आणि प्रिऑन शिजवून मरत नाही. म्हणून पाठीचा कणा करवतीने कापू नका, हाडापासून मांस सोडवा, मेंदू आणि लिम्फच्या गाठींना सुरी लावू नका. डोकं पिशवीत घालून टॅगच्या नंबरासकट तपासणीसाठी राज्याच्या ड्रॉप-ऑफच्या डब्यात टाका. संसर्ग असलेल्या भागातून डोकं-कणा बाहेर न्यायला बंदी असते, आणि राज्याचा नियम मोडून हरीण राज्याबाहेर नेलंत तर वन्यजीवांच्या बेकायदेशीर वाहतुकीविरुद्धचा १९०० चा लेसी ॲक्ट लागतो, मग प्रकरण फेडरल होतं. घरी प्रत्येक पाकिटावर तारीख आणि टॅगचा नंबर लिहा, दोन हरणांचं मांस एकत्र खिमा करू नका, आणि रिपोर्ट यायला एकदोन आठवडे लागले तरी तोवर फ्रीजरमधलं एकही पाकीट उघडू नका.